खांदेरीच्या आडोशाला

(मुंबई बंदर. दुपारचे बारा. नांगरावर डुलणाऱ्या होड्यांमधून शिडाची एक छोटी होडी बाहेर पडते.)

आज मार्गशीर्ष पौर्णिमा. खांदेरी बेटाला जायला हा दिवस धरलाय तो चांदण्यासाठी नव्हे, ओहोटीसाठी. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ हाती येते. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला पाणी पुरतं चढतं, थोडा वेळ थबकतं आणि मग सहा तास बंदरातून समुद्राकडे ओसरत राहतं. अष्टमीला निघालो असतो, तर दुपारभर हेच पाणी अंगावर आलं असतं.

पाण्याचं जमलं, आता वारा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे सगळ्यांनीच पाठ केलेत, दोन मार्कांसाठी. हिवाळ्यात या किनाऱ्यावर शिडाची होडी चालते ती त्या दोन मार्कांवरच. सकाळभर जमीन तापते आणि दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. सूर्य मावळला की तो मंदावतो. रात्री जमीन पाण्याआधी थंड होते आणि उत्तररात्री वारा उलटा, जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागतो. तोच मतलई.

(मोठं शीड भरतं. होडी कलते.)

होडी सहा मीटरची, माणसं दोन, कॅमेऱ्यामागे तिसरं. गेटवेपासून खांदेरी दक्षिणेला साधारण 25 किलोमीटर. वायव्येचा वारा उजव्या हाताने, थोडा मागून येतो. शिडाच्या होडीला याहून सुखाची दिशा नाही. ताशी आठ किलोमीटर मिळाले, तरी तीन तासांत बेट.

कुलाब्याच्या टोकापलीकडचं प्रोंग्स दीपगृह मागे पडतं. डावीकडे करंजा, मग मांडवा, सासवणे, आवास, किहीम. हा टप्पा सोपा, पण डोळे पाण्यावर लागतात, कारण जाळ्यांचे बोये, म्हणजे खुणेचे तरंगते गोळे, चमकत्या लाटांत दिसता दिसत नाहीत. सुकाणूत जाळं अडकलं तर आपला प्रवास खोळंबतो आणि कोणाची तरी महिन्याची कमाई फाटते. बोया दिसला की लांबून वळसा घ्यायचा. त्यावर चर्चा नाही.

(समोर दोन बेटं.)

किनाऱ्यावरच्या थळ गावासमोर दोन बेटं दिसतात. किनाऱ्याजवळची बुटकी ती उंदेरी. तिच्या बाहेर, दोन टेकड्यांची ती खांदेरी. दक्षिणेकडच्या टेकडीवरचं दीपगृह 1867 चं. त्याला नाव मात्र कान्होजी आंग्र्यांचं आहे. बेटावर तटबुरूज आहेत, गाड्यांवर बसवलेल्या तोफा आहेत आणि कोळी बांधवांचा वेताळ आहे. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांत खांदेरीही आहे. किल्ला दाखवणारे व्हिडिओ ढिगाने सापडतील. आपण रात्र काढणार आहोत ती बेटाखाली, होडीतच.

(शिडं उतरतात. एक जण नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, जातो.)

शिडाच्या प्रवासाचं कौतुक फार होतं, पण खरी परीक्षा इथे आहे. वारा वायव्येचा, म्हणून बेटाच्या पूर्वेला, थळकडच्या बाजूला आडोसा घ्यायचा. तिथे लाट मोडते. पण बेटाला फार चिकटायचंही नाही, कारण भोवताली खडक आहेत आणि रात्रीत होडी नांगराभोवती पूर्ण फिरणार आहे.

आता दोर किती सोडायचा? समजा, संध्याकाळी सहाला, ओहोटीच्या तळाला, पाणी तीन मीटर आहे. आज उधाण आहे. मध्यरात्रीच्या भरतीला पाणी आणखी चार मीटर चढेल. झाले सात. पाण्यापासून नाळेची उंची एक मीटर, झाले आठ. त्याच्या पाचपट, म्हणजे 40 मीटर साखळी आणि दोर. वारा वाढण्याची चिन्हं असतील तर सातपट. नवखा माणूस समोर दिसणाऱ्या तीन मीटरवर हिशेब करतो, 15 मीटर दोर सोडतो आणि निवांत झोपतो. मध्यरात्री पाणी चढतं, दोर बराच उभा होतो आणि नांगर तळातून उपटला जातो. नांगर वजनावर धरत नाही. तो धरतो आडव्या ओढीवर. म्हणून तर टोकाला साखळी. ती दोराला तळाशी झोपवून ठेवते.

तळाशी खडक असण्याची शक्यता, म्हणून आणखी एक सोय. नांगराच्या डोक्याला वेगळी बारीक दोरी आणि तिच्या टोकाला बोया. सकाळी नांगर कपारीत अडकलाच, तर ही दोरी ओढून तो उलट्या बाजूने सोडवता येतो.

नांगर पडला. होडी मागे सरकते, दोर ताणतो, नाळ वाऱ्याकडे वळते. आता दीपगृह आणि तटाचा एक बुरूज एका रेषेत धरून ठेवायचे. ती रेषा मोडून बुरूज एकाच बाजूला सरकत राहिला, तर नांगर घसरतोय. मोबाइलवरही याचा गजर लावता येतो. लावावा. पण बुरुजाची बॅटरी उतरत नाही.

(अंधार. डोलकाठीवर पांढरा दिवा. पूर्वेला थळच्या खत कारखान्याचे दिवे.)

नांगरावरच्या होडीने रात्रभर चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावायचा असतो. पहाटे मच्छीमार बोटी याच वाटेने बाहेर पडतात, तेव्हा हा दिवा नुसता नियमापुरता नाही.

स्टोव्हवर खिचडी आहे. पाणी फिरलं की होडी फिरते. कधी वारा एकीकडे आणि पाणी दुसरीकडे ओढतं, तेव्हा ती नांगराच्या डोक्यावरच येऊन अवघडल्यासारखी आडवी राहते. झोप तुकड्यातुकड्यांनीच लागते.

याच पाण्यात 1679 च्या पावसाळ्यानंतर इंग्रजांची जहाजं नांगर टाकून होती. त्या ऑगस्टमध्ये शिवाजी महाराजांच्या हुकमाने त्यांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींनी खांदेरीवर तट बांधायला घेतला होता. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला, हे इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला कसं परवडणार? 19 सप्टेंबरला बेटावर उतरू पाहणारा इंग्रजांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. मग ‘रिव्हेंज’ नावाचं मोठं जहाज आणि सोबत लहान गलबतं घेऊन कंपनीचा कप्तान रिचर्ड केग्विन आला. (हाच केग्विन चार वर्षांनी मुंबईत कंपनीविरुद्ध बंड करून बसला. ती गोष्ट वेगळी.) बेटाला वेढा घालायचा, म्हणजे बेटाजवळ नांगरून राहायचं. मराठ्यांच्या होड्या मात्र हलक्या. वारा पडला की वल्ह्यांवर चालायच्या आणि रात्रीच्या अंधारात रसद पोचवून जायच्या.

18 ऑक्टोबर 1679. पहाट फुटत होती. चौलच्या उत्तरेकडून, किनाऱ्यालगतून मराठ्यांचं आरमार नाळेवरच्या तोफा डागत निघालं आणि इतक्या वेगाने आलं, की खांदेरीजवळ नांगरलेल्या इंग्रजांना निघायलाही जेमतेम वेळ मिळाला. अर्ध्या तासाच्या आत त्यांच्या ‘डोव्हर’ नावाच्या गुराबेने, म्हणजे लढाऊ गलबताने, निशाण उतरवून शरणागती पत्करली. ‘रिव्हेंज’ने पुढे बरीच झुंज दिली, पण वेढा घालून किल्ल्याचं बांधकाम काही थांबलं नाही. या लढाईची वर्णनं धैर्याबद्दल बोलतात आणि धैर्य होतंच. आम्हाला मात्र इथे नांगरावर बसून वेळ जास्त दिसते. पहाटेचा वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्यावरून निघणाऱ्याला तो पाठीशी, आणि नांगरावरच्याला आधी 40 मीटर दोर ओढायचा असतो.

(पहाट. जमिनीकडून गार वारा. नांगराचा दोर वर येतो.)

नांगर आला, चिखलासकट. म्हणजे तळ इथे तरी मऊ होता.

साडेसहा. भरती लागलीय आणि आता ती बंदराच्या दिशेने नेईल. मतलई उजव्या हाताला आहे, शिडं भरलीत. हा वारा नऊ-दहापर्यंत टिकतो. तोवर मांडवा मागे पडलं पाहिजे. नाही पडलं, तर आधी वारा पडेल, मग वायव्येचा सुटेल, तो थेट तोंडावर, आणि नागमोडी घेत बंदर गाठायचं म्हटलं तर ओहोटी लागेपर्यंत वाटेतच. अशा वेळी माणसं सहसा कॅमेरा बंद करतात आणि आउटबोर्ड इंजिनाची दोरी ओढतात.