एका पाण्याच्या दोन उड्या

नमस्कार श्रोतेहो.

आंबोलीच्या डोंगरात हिरण्यकेशी उगम पावते. तिथून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असं करत ती पूर्वेला जाते आणि चंदगडच्या बाजूनं आलेल्या घटप्रभेला मिळते. हेच पाणी पुढं कर्नाटकातल्या गोकाकला एका कड्यावरून थेट खाली झेपावतं. कडा आहे 52 मीटरचा, म्हणजे सुमारे 170 फूट. पावसाळ्यात आपल्या कोल्हापूरकडचे लोक गाड्या भरून गोकाकला जातात, धबधबा बघतात, तिथली करदंट मिठाई घेतात आणि दिवे लागणीला घरी परततात. मीही असाच जात आलो आहे. पण आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते पाण्याखालच्या दगडाबद्दल. धबधबा कसा पडायचा हे दगड ठरवतो, आणि तो बघायचा मात्र आपल्याकडून राहून जातो.

सुरुवात आजऱ्यापासून करू. रामतीर्थावर हिरण्यकेशी काळ्या कातळावरून खाली येते. हा कातळ म्हणजे बेसाल्ट. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. एकदा आला, थंड झाला. काही काळानं पुन्हा आला आणि आधीच्या थरावर पसरला. भाकरीवर भाकरी रचत जावी तसे हे थर एकमेकांवर बसत गेले. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख या लाव्हाखाली आहे. सह्याद्रीचे कडे, पन्हाळ्याचा डोंगर, आपल्या शेतातली काळी माती, सगळं त्यातूनच आलेलं.

या थरांची एक खोड आहे. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो. वरचा भाग मात्र सच्छिद्र, कारण लाव्हा निवताना त्यातली वाफ आणि वायू वर येऊन तिथंच अडकले. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं विटकरी रंगाचा मऊ पट्टाही दिसतो. घाटातल्या कापलेल्या दरडीत तो सहज ओळखता येतो. पाणी मऊ भाग लवकर खातं, घट्ट भाग उशिरा. म्हणून सह्याद्रीतले आपले पुष्कळ धबधबे टप्प्याटप्प्यानं उतरतात. एक उडी, मग थोडी सपाटी, मग दुसरी उडी. राऊतवाडीला किंवा बर्कीला गेलात तर पाण्यामागच्या कातळात हे आडवे थर शोधून बघा. पाणी कमी असेल तेव्हा जास्त चांगले दिसतात.

आता गोकाकला जाऊ. तिथला दगड हातात घेतलात तर पहिल्यांदा लक्षात येतो तो रंग. काळा नाही, फिकट गुलाबी, कुठं पांढरट, कुठं तांबूस. उन्हात धरला की बारीक कण चमकतात. ते वाळूचे कण आहेत. कधीकाळी इथं उथळ पाणी होतं, त्याच्या तळाशी वाळू साठली, तिच्यावर आणखी वाळू चढली, आणि कणांमधल्या फटींत सिलिका, म्हणजे वाळू ज्याची बनते तेच द्रव्य, बसून सगळं घट्ट झालं. काही ठिकाणी ते इतकं घट्ट झालं की दगड फोडला तर चीर कणांना वळसा घालून जात नाही, कणांच्या आरपार जाते. अशा दगडाला क्वार्टझाईट म्हणतात. बागलकोटजवळच्या कलादगी गावावरून या सगळ्या खडकांना कलादगीचे खडक असं नाव आहे. 19व्या शतकात रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकानं हा सगळा दक्षिण मराठा मुलूख पायी आणि घोड्यावरून हिंडून पाहिला आणि 1876 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली.

वय किती असेल? आपला लाव्हा आला तेव्हा हा दगड आधीच म्हातारा झालेला होता. ही वाळू साठत होती तेव्हा जमिनीवर झाड नव्हतं, गवताचं पातं नव्हतं, कुठलाही प्राणी चालत नव्हता. नंतर लाव्हानं यातला बराच भाग झाकून टाकला. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातही काही ठिकाणी लाव्हाच्या खालून हाच जुना खडक डोकं वर काढतो.

कलादगीच्या या वाळूच्या खडकात कधी कधी एक गोष्ट सापडते. माझ्या मते तिच्यासाठी एक वेगळा दिवस काढायला हरकत नाही. एखाद्या सपाट थरावर ओळीनं बारीक उंचवटे दिसतात. त्यावरून बोट फिरवलंत तर वर, खाली, वर, खाली, असं लागतं. उथळ पाण्याच्या हेलकाव्यानं वाळूवर उमटलेल्या त्या लहरी आहेत. पंचगंगेच्या काठावर पाणी ओसरलं की वाळूत आजही अगदी अशाच उमटतात. त्या पुसल्या जातात. या दगड झाल्या आणि राहिल्या.

अशा कठीण दगडावर नदी आली की ती सहजासहजी पायऱ्या पाडू शकत नाही. त्यात उभ्या चिरा मात्र असतात. पाणी त्या चिरांत शिरतं, थरांमधले मऊ पातळ पदर तुषारांनी झिजतात, वरच्या दगडाचा आधार जातो, आणि एक दिवस तो दगड उभ्या चिरेवरूनच सुटून खाली येतो. तुटलेली कडाही उभीच राहते. म्हणून पाणी सरळ पडतं. आणि म्हणूनच धबधबा एका जागी थांबलेला नसतो. तो नदीच्या उगमाच्या दिशेनं मागं मागं सरकत असतो, अर्थात आपल्याला दिसणार नाही इतक्या संथपणे. गोकाकला कड्याच्या खालच्या अंगाला जी खोल घळ आहे ना, ती त्याच सरकण्याची वाट. कड्याचा आकार नालाकृती आहे आणि पूर आला की वरची धार 177 मीटर रुंद होते.

या पडत्या पाण्याचा जोर ओळखून 1887 पासून तिथं सूतगिरणीसाठी शक्ती घेतली गेली. काठावर चालुक्यकाळातली देवळं आहेत, नदीवर झुलता पूल आहे. पुलावरून खाली बघताना पात्रातला कातळही बघा. उभ्याआडव्या चिरांनी तो जणू आखून ठेवल्यासारखा दिसतो.

एक विनंती मात्र अगदी मनापासून. कड्याच्या टोकाशी जाऊ नका, फोटोसाठी तर मुळीच नको. ओला क्वार्टझाईट गुळगुळीत असतो, त्यावर शेवाळ असतं, आणि वरच्या धरणातून पाणी सुटलं की पात्र थोड्या वेळात भरतं. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या धबधब्यावरून वाईट बातमी येते, तेव्हा जीव तुटतो. दगड बघायला टोकापर्यंत जायची गरजच नाही, काठावरच्या पायवाटेतही तोच आहे.

जायचं असेल तर सप्टेंबरच्या मध्यावर जा. पाणी असतं, पण गढूळपणा उतरलेला असतो आणि कातळाचे थर उघडे दिसतात. सकाळी लवकर निघून आधी आजऱ्याला रामतीर्थावर थांबा, काळ्या दगडावर हात ठेवा, त्यातले पांढरे ठिपके बघा; लाव्हातल्या वायूच्या पोकळ्या नंतर खनिजांनी भरल्या, ते हे ठिपके. मग गडहिंग्लज, संकेश्वर करत दुपारपर्यंत गोकाक गाठा. मुलांना सोबत न्या आणि दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारा, पाणी इथंच का पडतंय? उत्तर त्यांना शोधू द्या. नमस्कार.