कळा सुरू झाल्या की घड्याळ बघा

मागे ऐकू येतंय ना? पत्र्यावर पाऊस एवढा वाजतोय की मला माझंच ऐकू येत नाहीये. बरं, मी काही डॉक्टर नाही हे आधीच सांगते, डिचोलीला आमच्या घरी कुत्र्या तीनदा व्याल्या आणि पहिल्या वेळी जे जे करू नये ते मी सगळं केलं, बहुतेक म्हणूनच मला इथे बोलायला उभं केलंय.

ती पहिली, चंपी. बरोबर चतुर्थीत तिला कळा सुरू झाल्या. घरात पंधरा माणसं, बाहेर फटाके, आणि जो येतो तो पलंगाखाली वाकून बघतो, 'आलं काय गो पिल्लू?' एक पिल्लू झालं आणि कळा थांबल्याच. घाबरली की कुत्री कळा अडवून धरते हे मला तेव्हा कुठे माहीत! शेवटी माझ्या सासूबाईंनी सगळ्यांना आरतीला हाकललं, लाईट घालवला, तासाभरात दुसरं आलं. तेव्हा खोका वगैरे मांडून ठेवा, जुन्या चादरी घाला, पण घरातल्या एकाच माणसाने जवळ बसायचं.

दिवस साधारण 63 धरायचे, चार-पाच दिवस मागेपुढे. शेवटच्या आठवड्यात थर्मामीटर घ्या आणि दिवसातून दोनदा ढुंगणातून ताप बघा. एरवी 101 च्या आसपास असतो, तो 99 च्या खाली गेला की बहुतेक चोवीस तासांत व्यायणार. मग धापा टाकणं, थरथरणं, चादरी उकरणं, जेवणाला तोंड न लावणं, हे सगळं सहा-बारा तास चालतं आणि त्यात आपल्याला काहीच काम नसतं, चहा प्या.

काम आहे ते घड्याळाचं. ती जोरजोरात कुंथायला लागली की वेळ लिहून ठेवा. अर्धा तास असं कुंथून पिल्लू नाही आलं तर डॉक्टरला फोन. आत पिल्लं आहेत आणि दोन तास झाले तरी पुढचं येत नाही, तरी फोन. पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवं काळपट पाणी गेलं तर लगेच गाडी काढा, कारण वार, म्हणजे पिल्लाला आत पोसणारा मांसाचा गोळा, सुटलेली असते आणि पिल्लू आत गुदमरत असतं. एकदा पिल्लू झाल्यावर मात्र तेच हिरवं पाणी नॉर्मल, मी पहिल्यांदा उलटं समजून नको तिथे रडले. आणि मागचे पाय आधी आले म्हणून किंचाळू नका, कुत्र्यांमध्ये कितीतरी पिल्लं तशीच येतात.

चंपीचं चौथं पिल्लू पिशवीतच राहिलं. ती आधीच्या पिल्लांना चाटत बसली आणि हे ओल्या साबणाच्या वडीसारखं तिच्या शेपटीजवळ पडलेलं, हलत नाही. मी नखाने पिशवी तोंडाकडून फाडली, बोटाला कपडा गुंडाळून तोंड पुसलं, डोकं जरा खाली धरून टॉवेलने पाठ खसाखसा चोळली. किती वेळ चोळली आठवत नाही, पण मग त्याने शिंकल्यासारखं काहीतरी केलं आणि चीं! नाळ पोटापासून इंचभर सोडून दोऱ्याने बांधायची आणि गाठीच्या पलीकडे कापायची. आमच्या शेजारच्या भाईंनी कातर फेणीत बुडवून दिली. फेणीत अल्कोहोल बेचाळीसएक टक्के, तेवढ्याने जंतू नीट मरत नाहीत. कातर उकळा, फेणी भाईंना परत द्या.

माझी खरी चूक वेगळीच. गाभण असताना मी तिला रोज कॅल्शियमची गोळी दिली, सगळ्यांनीच सांगितलं होतं, हाडं मजबूत होतात म्हणून. व्याल्यावर अठराव्या दिवशी ती उभ्या उभ्या थरथरायला लागली, पाय ताठ, डोळे फिरलेले. बाहेरून आयतं मिळत गेलं की हाडांतलं कॅल्शियम काढायची शरीराची सवय मोडते, आणि पुढे दूध भरपूर सुरू झालं की रक्तातलं एकदम खाली येतं. डॉक्टरने शिरेतून हळूहळू दिलं तेव्हा वाचली. गाभणपणी मनाने गोळी नको, आणि कळा येण्याचं इंजेक्शन तर मेडिकलवाल्याने दिलं तरी घरी टोचू नका, पिल्लू अडकलेलं असेल तर गर्भाशय फाटतं.

आपल्याकडे पावसात लाईट जाते, आणि पहिले दोन आठवडे पिल्लांना स्वतःची ऊब धरता येत नाही. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून खोक्याच्या एका कडेला ठेवा, एकाच कडेला, म्हणजे उकडलं तर सरकता येतं.

हां, काय विचारलंत? वार खाऊ द्यायची का? एक-दोन खाल्ल्या तर खाऊ दे, सगळ्या खाल्ल्या तर जुलाब होतात. पण मोजा, पिल्लं पाच आणि वारा चार असतील तर एक आत राहिलीय, दुसऱ्या दिवशी ताप नि वास येतो का बघा. आणि स्वयंपाकघरातला काटा खोक्याजवळच ठेवा, रोज वजन करा, आठ-दहा दिवसांत दुप्पट व्हायला हवं. आमचं ते चौथं दहाव्या दिवशी सगळ्यात जाड होतं, काट्यावर मावेना, शेवटी पातेल्यात बसवून तोललं.