साठ अंशांचे तीन भाग

[दृश्य : कोरा कागद. कंपासचं टोक टेकतं.]

कंपासमध्ये 5 सेंटिमीटर अंतर घेतलं. म केंद्र धरून कंस काढला, त्यावर अ बिंदू घेतला. अंतर न बदलता अ वरून तोच कंस छेदला, ब मिळाला. अमब हा कोन बरोबर 60 अंशांचा. त्याचा दुभाजक शाळेत सगळ्यांनीच काढलेला असतो. आता तीन सारखे भाग करायचे आहेत, आणि पट्टीवर एकही खूण नाही.

बहुतेकांना आधी एकच वाट सुचते. अब जीवा काढायची, तिचे तीन समान भाग करायचे आणि ते बिंदू म ला जोडायचे. जीवेचे तीन भाग पट्टी-कंपासने अचूक होतात, त्यात खोट नाही. आकृतीही देखणी येते. पण कोन मात्र 19.1, 21.8 आणि 19.1 अंश निघतात. जीवेचा मधला तुकडा केंद्राला जास्त जवळ, म्हणून त्याच्या वाट्याला मोठा कोन जातो. इथे फरक नजरेतून सुटतो. तेच 120 अंशांवर करून बघा : 30, 60, 30. मधला थेट दुप्पट!

हात कितीही स्थिर असला तरी दुसरी कुठलीही रीत इथे पोचवत नाही. रेषा रेषेला छेदते, रेषा वर्तुळाला, वर्तुळ वर्तुळाला. नवा बिंदू मिळतो तो एवढ्यातूनच. आकड्यांत सांगायचं तर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ. 20 अंश काढता आले असते, तर त्याच्या कोसाइनच्या दुप्पट लांबीही काढता आली असती. तिला य म्हणू. तिचं समीकरण य³ − 3य − 1 = 0. याचं परिमेय उत्तर असलंच तर 1 किंवा −1. दोन्ही घालून पाहा, जमत नाही. म्हणजे समीकरणाचे अवयव पडत नाहीत, ते तिसऱ्या घाताचंच राहतं. वर्गमुळावर वर्गमूळ चढवत गेलं की घात 2, 4, 8, 16 असे वाढतात, आणि 3 ने यातल्या एकालाही भाग जात नाही. पिएर वांत्झेल या फ्रेंच गणितज्ञाने हे 1837 साली सिद्ध केलं. 90 अंशांचे तीन भाग होतात, कारण 30 अंश स्वतंत्रपणे काढता येतात. सगळ्या कोनांना लागू पडेल अशी रीत मात्र नाही.

[दृश्य : पट्टीच्या कडेवर पेन्सिलीच्या दोन खुणा.]

आता पट्टीवर 5 सेंटिमीटर अंतराने दोन खुणा करा. पुढची रचना आर्किमिडीजच्या नावाने चालत आली आहे. कंसाचं पूर्ण वर्तुळ करा, अम रेषा म च्या पलीकडे वाढवा. पट्टी ब मधून जाऊ द्या. सरकवत सरकवत एक खूण वर्तुळावर क ला आणि दुसरी वाढवलेल्या रेषेवर ड ला बसवा. ड पाशी 20 अंश तयार!

कड आणि कम दोन्ही 5, म्हणून ड आणि म पाशी सारखे कोन. मकब हा बाह्यकोन, ड च्या दुप्पट. मब आणि मक त्रिज्याच, म्हणून ब पाशीही दुप्पट. आणि अमब हा बमड त्रिकोणाचा बाह्यकोन : एकपट अधिक दुप्पट, तिप्पट.

खुणा जुळवताना पट्टी ब वरून ढळते. तिथे टाचणी टोचा आणि पट्टीची कड तिला टेकवून सरकवा.