हत्ती मोठा, मानो देरेचा

मंडळी, स्पॅनिशच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर 'कासा ब्लांका' लिहिते. कोणीतरी लगेच ओळखतं, मोरोक्कोतलं शहर! बरोबर. 'कासा' म्हणजे घर, 'ब्लांका' म्हणजे पांढरं. आधी घर, मग रंग. स्पॅनिशमध्ये घर स्त्रीलिंगी, म्हणून 'ब्लांका'. पुस्तक पुल्लिंगी, म्हणून 'लिब्रो ब्लांको'. अनेकवचनात 'कासास ब्लांकास', 'लिब्रोस ब्लांकोस'.

इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्याला इथे घाम फुटतो. आपल्याला का फुटावा? पांढरा घोडा, पांढरी गाय, पांढरं मांजर म्हणताना आपण कधी अडखळतो? पण आपलीही मुलं इंग्रजी पुस्तकं वाचून आलेली, त्यामुळे घरचं विसरून तक्ता पाठ करत बसतात.

हातालाच घ्या. 'मानो' म्हणजे हात. शेवटी 'ओ' आहे, पण शब्द स्त्रीलिंगी. मुलं ठासून 'मानो देरेचो' म्हणतात, म्हणजे उजवा हात. मी विचारते, हत्तीच्या शेवटी 'ई' आहे, मग तुम्ही 'मोठी हत्ती' म्हणता का? वर्गात हशा पिकतो आणि 'मानो देरेचा' कायमचं बसतं. विशेषण नामाचं लिंग बघतं, शेवटचा स्वर नाही.

'वेर्दे', म्हणजे हिरवा, हे मात्र लिंगाप्रमाणे बदलत नाही. आपल्या 'लाल'सारखंच. फरक एवढाच की आपला 'लाल' अगदीच आळशी, अनेकवचनातही जागचा हलत नाही. 'वेर्दे'ला तिथे 'स' लावावाच लागतो: कासास वेर्देस. मराठी मुलं हा 'स' हमखास खातात.

आता पाणी. स्पॅनिशमध्ये नामाआधी इंग्रजी 'द'सारखा शब्द लागतो: स्त्रीलिंगी असेल तर 'ला', पुल्लिंगी असेल तर 'एल'. 'आग्वा' म्हणजे पाणी, स्त्रीलिंगी, पण तिच्याआधी 'ला' नाही, 'एल' येतं. एका विद्यार्थ्याने तर्क लढवला, 'एल' आहे म्हणजे पुल्लिंगी, आणि गार पाण्याला 'एल आग्वा फ्रिओ' लिहिलं. तर्क चोख, उत्तर चूक! लॅटिनमधलं स्त्रीलिंगी 'इल्ला' झिजून 'एला' झालं, आणि पुढे स्वर आला की त्याचं नुसतं 'एल' उरलं. आज ते जोर असलेल्या 'आ'पुढे टिकून आहे. म्हणजे हे 'एल' पुरुषाच्या वेशातली बाईच. विशेषण त्या वेशाला फसत नाही: 'एल आग्वा फ्रिया'. अनेकवचनात वेशही गळतो: 'लास आग्वास फ्रियास'.

दमलेली बाई 'एस्तोय कान्सादा' म्हणते, पुरुष 'एस्तोय कान्सादो'. आपलं 'दमले' आणि 'दमलो'. हे शिकवायला मला अर्धा मिनिट लागतो. पण नवरा-बायको दोघं दमून आली, तर? मराठी झटकन नपुंसकलिंगाचा आसरा घेते: दोघं दमली. स्पॅनिशमध्ये नामांना नपुंसकलिंगच उरलेलं नाही. त्यामुळे तिथे 'कान्सादोस', पुल्लिंगी. शंभर बायकांत एक पुरुष असला, तरी 'कान्सादोस'च. हे सांगितलं की वर्गातल्या मुली माझ्याकडे अशा बघतात, जणू नियम मीच केलाय.