बारा मार्कांचा प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या एप्रिलमध्ये मी इंग्लंडात, लेस्टरला भाचीकडे होते. तिच्या मुलीची जीसीएसई तोंडावर आलेली. ही तिकडची दहावी म्हणा. एका सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "आजी, निर्गुण ब्रह्म आणि सगुण ब्रह्म यांत फरक काय? चार मार्कांपुरतं सांग." जन्मभर भजनात म्हटलेले शब्द, पण मला चार मार्कांत काही बसवता येईनात!

विषय 'रिलिजस स्टडीज'. तिकडे १९४४च्या कायद्याने शाळेत धर्माचा तास सक्तीचा झाला, तो मुख्यतः ख्रिस्ती धर्माचाच. १९८८च्या कायद्याने इतर प्रमुख धर्मांची दखल घेणं आवश्यक केलं. २०१६ला आलेल्या नव्या अभ्यासक्रमात दोन धर्म शिकावे लागतात. पालकांना हा तास नको असेल तर मुलाला बाहेर काढता येतं. नातीच्या शाळेने ख्रिस्ती आणि हिंदू हे दोन घेतले होते. घरचाच धर्म, सोपा जाईल, हा तिच्या आईचा भ्रम पहिल्याच चाचणीत फिटला.

खरी गंमत बारा मार्कांच्या प्रश्नात. एक विधान देतात. त्याच्या बाजूने लिहायचं, वेगळं मतही मांडायचं, धर्मातले आधार द्यायचे आणि शेवटी स्वतःचा निष्कर्ष पटवून द्यायचा. कुठली बाजू घेतली याला मार्क नाहीत.

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. मूल्यशिक्षणाच्या तासाला "खरं बोलावं का?" विचारलं की सगळा वर्ग एका सुरात "हो!" पुढे काय बोलणार? धर्माचं नाव काढायला तर आम्ही शिक्षक बिचकतोच. संविधानाचं कलम २८ सांगतं, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. ते योग्यच आहे. पण धर्माची दीक्षा देणं वेगळं आणि धर्मांविषयी शिकवणं वेगळं, हे कोठारी आयोगाने १९६६मध्येच सांगितलं होतं, आणि २००२मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांच्या अभ्यासाला या कलमाची आडकाठी नाही असं म्हटलं. आम्ही मात्र दोन्ही एकाच कपाटात बंद करून ठेवलं.

तर नातीने सरावाला विधान घेतलं, 'खुन्याला फाशीच हवी.' ती फाशीच्या विरोधात. स्वतःची बाजू पानभर आणि दुसरी दोन ओळींत, तीही एखाद्या मूर्खाने बोलावी तशी. मी वही परत दिली. म्हटलं, "पुण्याच्या आजोबांना विचार."

आजोबा फाशीचे कट्टर समर्थक. चाळीस मिनिटं फोन चालला. राजधर्म, दंड, कर्माचं फळ, सगळं आलं. नात भराभर लिहून घेत होती, मध्येच वादही घालत होती. शेवटचा निष्कर्ष तिचा तिचाच राहिला, पण त्याआधी आता एक 'तरीही' आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पुण्याहून फोन. "तिच्या बाईंनी तपासलं का गं? माझ्या बाजूला किती मार्क पडले?"