‘इतके लाख बोगस लाभार्थी’ : हा आकडा तपासायचा कसा?

‘योजनेतून इतके लाख बोगस लाभार्थी काढले’ आणि ‘योजनेत इतक्या हजार कोटींचा घोटाळा झाला’ ही दोन वाक्यं तुम्ही प्रत्येक निवडणुकीत ऐकता. पहिलं बहुधा सत्ताधारी बोलतात, दुसरं विरोधक. पुष्कळदा दोघांच्या हातात एकच आकडा असतो. यादीतून नाव कमी होणं ही कार्यालयात झालेली एक नोंद आहे. ते नाव खोटं होतं का, त्या नावावर पैसे गेले का, आणि गेले असतील तर ते कोणी लाटले, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या ठिकाणी असतो. तपासणी करणाऱ्यानं हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत.

सुरुवात अगदी साधी. विधान शब्दशः उतरवून घ्या. भाषण असेल तर पूर्ण ध्वनिचित्रफीत ऐका, कापलेला तुकडा नको. मग चार गोष्टींवर खूण करा: एकक कोणतं, काळ कोणता, कोणती योजना, आणि क्रियापद कोणतं. एककाची गडबड सर्वांत जास्त होते. शिधापत्रिका म्हणजे कुटुंब. एका पत्रिकेवर चार-पाच माणसं असतात. ‘इतक्या पत्रिका रद्द’ हे बातमीत येईपर्यंत ‘इतके लोक बोगस’ होतं, किंवा उलटही होतं. क्रियापदाकडे तितकंच बारकाईनं बघायचं. ‘आढळले’, ‘स्थगित केले’, ‘वगळले’, ‘वसुली केली’ आणि ‘गुन्हा दाखल केला’ या पाच वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरचा आकडा लाखांत असतो. शेवटच्या पायरीवरचा आकडा अनेकदा कोणी विचारतच नाही.

लाडकी बहीण योजनेचं उदाहरण घेऊ, कारण त्यात जवळजवळ सगळे प्रकार एकत्र सापडतात. २८ जून २०२४ चा शासन निर्णय. दरमहा १,५०० रुपये. वयोमर्यादा पुढे ६५ पर्यंत वाढवली. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, पण पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट. म्हणजे अर्ज घेताना उत्पन्नाची थेट पडताळणी मोठ्या संख्येनं झालीच नाही. हे आधी लक्षात ठेवा, कारण नंतर ‘अपात्र’ ठरलेल्या प्रत्येकीनं खोटं बोलून पैसे घेतले असं गृहीत धरलं जातं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ५ लाख महिला अपात्र ठरल्याचं जाहीर झालं. ठळक मथळा तेवढाच होता, फोड मात्र त्याच निवेदनात होती. २ लाख ३० हजार महिला संजय गांधी निराधार योजनेचा लाभ घेणाऱ्या. १ लाख १० हजार ६५ वर्षांवरच्या. उरलेल्या १ लाख ६० हजारांत घरी चारचाकी असलेल्या, नमोशक्ती योजनेतल्या आणि स्वतःहून नाव मागे घेतलेल्या महिला. आता विचार करा, निराधार योजनेतली विधवा किंवा परित्यक्ता बाई बोगस आहे का? ती खरी आहे, गरजू आहे, फक्त दोन योजनांचे पैसे एकत्र घेता येत नाहीत असा नियम आहे. जी स्वतः नाव मागे घेते तिला तर घोटाळेबाज म्हणताच येणार नाही. या पाच लाखांत फसवणूक किती, हे त्या फोडीवरून कळत नाही. निकाल तसाच लिहायचा.

पुढे जुलै २०२५ मध्ये आकडा आला २६.३४ लाखांचा. महिला व बालविकास मंत्र्यांच्या निवेदनात शब्द होता तात्पुरती स्थगिती, जून २०२५ च्या हप्त्यापासून, आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत फेरतपासणी करून पात्र ठरणाऱ्यांचा लाभ पुन्हा सुरू करण्याचं आश्वासनही होतं. कारणं तीन प्रकारची दिली होती: एकापेक्षा जास्त योजनांचा लाभ, एका कुटुंबात दोनपेक्षा जास्त लाभार्थी, आणि काही ठिकाणी पुरुषांचे अर्ज. हा आकडा घेऊन कोणीही गुणाकार करू शकतं: २६.३४ लाख गुणिले १,५०० गुणिले ११ महिने, म्हणजे सुमारे ४,३४६ कोटी. असा आकडा घोटाळा म्हणून मांडला गेला तर त्यात तीन गृहीतकं लपलेली असतात: सगळ्या अपात्रच आहेत, सगळ्यांना पहिल्या महिन्यापासून हप्ता मिळाला, आणि सगळी रक्कम चुकीची गेली. तिसरं गृहीतक तर नियमानंच खोटं ठरतं. कुटुंबात तीन अर्ज असतील तर तिन्ही अपात्र होत नाहीत. आणि नमो शेतकरी सन्मान या शेतकऱ्यांसाठीच्या योजनेच्या लाभार्थींना केंद्र आणि राज्य मिळून महिन्याला १,००० रुपये मिळत असल्यानं लाडकी बहीणमधून फरकाचे ५०० देय असतात. तिथे चुकीची रक्कम ठरेल ती फरकापुरती.

त्याच सुमारास १४,२९८ पुरुषांनी २१.४४ कोटी रुपये घेतल्याची बातमी आली. कागद घ्या आणि गुणाकार करा: १४,२९८ गुणिले १५,००० बरोबर २१ कोटी ४४ लाख ७० हजार. १५,००० म्हणजे दहा हप्ते. रक्कम दहा हप्त्यांशी इतकी तंतोतंत जुळते, तेव्हा ती बँकेच्या नोंदींची बेरीज आहे की संख्येला दहा हप्त्यांनी गुणून काढलेला अंदाज आहे, हे विचारलंच पाहिजे. सगळ्यांना दहाच्या दहा हप्ते मिळाले असतील तर दोन्ही सारखेच येतील, पण ते दाखवणारा कागद हवा. दुसरा प्रश्न: अर्जदार पुरुष होता, की अर्जदार बाई होती आणि बँक खातं नवऱ्याचं किंवा मुलाचं होतं? पहिल्यात फसवणुकीचा संशय रास्त आहे. दुसऱ्यात अर्जाची छाननी करणाऱ्या यंत्रणेची चूक मोठी आहे. हा फरक अर्जाच्या नोंदीत दिसतो, तेवढीच एक नोंद मागायची.

गुणाकार उलटा करून पाहण्याची ही सवय बचतीच्या दाव्यांनाही लावायची. घरगुती गॅसचं अनुदान थेट बँक खात्यात देणाऱ्या ‘पहल’ योजनेत २०१४-१५ साठी १४,६७२ कोटींची बचत सांगितली गेली. हिशेब असा: ३.३४ कोटी बंद केलेल्या जोडण्या, प्रत्येकी वर्षाला १२ सिलिंडर, सरासरी ३६६ रुपये अनुदान. महालेखापरीक्षकांनी २०१६ च्या अहवालात यातल्या बाराच्या आकड्यावर बोट ठेवलं. देशातला सरासरी ग्राहक वर्षाला ६.२७ सिलिंडर घेत होता. तो आकडा घातला की बचत जवळजवळ निम्म्यावर येते. त्याच अहवालात आणखी महत्त्वाची एक तुलना आहे. एप्रिल ते डिसेंबर २०१४ मध्ये अनुदानावर ३५,४०० कोटी खर्च झाले, पुढच्या वर्षी त्याच नऊ महिन्यांत १२,०८४ कोटी. फरक २३,३१६ कोटींचा. त्यातले २१,५५२ कोटी अनुदानाचा दर घटल्यामुळे, कारण कच्च्या तेलाचे भाव कोसळले होते. सिलिंडरची उचल कमी झाल्यामुळे वाचले ते १,७६४ कोटी. खर्च कमी झाला हे खरं. तो बनावट ग्राहक काढल्यामुळे झाला, हा निष्कर्ष मात्र आकड्यांत नव्हता. खर्चात घट दाखवणारा कोणताही दावा आला की किंमत, नियम आणि संख्या यांपैकी काय बदललं हे वेगळं काढा.

रेशनचं गणित थोडं निराळं आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्रानं सांगितलं की २०१३ पासून ४.३९ कोटी अपात्र किंवा बोगस शिधापत्रिका रद्द झाल्या. ऐकायला प्रचंड आहे. पण देशात तेव्हा साडेतेवीस कोटींच्या आसपास पत्रिका होत्या आणि काळ आठ वर्षांचा आहे. भागून पाहिलं तर वर्षाला दोन-अडीच टक्के. स्थलांतर, विभक्त झालेली कुटुंबं, दुबार नोंदी, मृत्यू हे सगळं त्यातच. एवढी घट यादी अद्ययावत ठेवण्याच्या नेहमीच्या कामातही होऊ शकते. ती सगळी चोरी होती असं म्हणायला वेगळा पुरावा लागतो. शिवाय राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात प्रत्येक राज्याला लाभार्थ्यांचा ठरलेला इष्टांक, म्हणजे कमाल संख्या, आहे: देशासाठी ८१.३५ कोटी, महाराष्ट्रासाठी सुमारे ७ कोटी. जुनी नावं कमी करून त्या जागी नवी घेतली, तर धान्य तेवढंच उचललं जातं. तेव्हा रेशनमधल्या नावकपातीतून पैसे वाचल्याचा दावा दिसला, की त्याच काळातली धान्याची प्रत्यक्ष उचल शेजारी मांडा. उचल घटली नसेल तर बचत कुठून आली, हे दावा करणाऱ्यानं सांगायचं आहे.

बोगस पत्रिका आणि गळती या दोन गोष्टीही वेगळ्या आहेत. पत्रिका खरी, माणूस खरा, अंगठाही त्याचाच, पण दुकानदारानं वजनात पाच किलोंऐवजी चार दिले, ही चोरी नावं कापून थांबत नाही. झारखंडमध्ये मुरलीधरन, नीहाउस आणि सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात, रद्द झालेल्या पत्रिकांपैकी बहुतेक प्रत्यक्षात अस्तित्वात असलेल्या कुटुंबांच्या निघाल्या. हा निष्कर्ष त्या राज्यापुरता आणि त्या काळापुरता. तो तसाच महाराष्ट्राला लावणं ही तपासणीतली चूक ठरेल.

रोजगार हमीत २०२१-२२ मध्ये १.४९ कोटी मजुरांची नावं वगळली गेली, २०२२-२३ मध्ये ५.१८ कोटी. लोकसभेतल्या उत्तरात कारणं दिली होती: बनावट जॉबकार्ड, दुबार जॉबकार्ड, काम करण्यास इच्छुक नाही, ग्रामपंचायतीतून स्थलांतर, मृत्यू. पाचांपैकी पहिली दोनच फसवणुकीच्या जवळ जातात.

आता उलट बाजूचं उदाहरण, कारण सरकारविरोधी दावाही त्याच चाळणीतून गेला पाहिजे. आयुष्मान भारत या केंद्राच्या आरोग्य विमा योजनेवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये आला. ७,४९,८२० लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकावर नोंदले होते. लगेच ‘साडेसात लाख बोगस रुग्ण’ असे संदेश फिरले. अहवालात तसं नाही. मोबाइलची जागा भरण्यासाठी टाकलेला तो क्रमांक होता आणि ओळख पटवण्यासाठी मोबाइल वापरला जात नाही, असं सरकारचं उत्तर होतं. नोंदी गचाळ होत्या हे सिद्ध होतं. लाभार्थी खोटे होते हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्याच अहवालात आधी मृत म्हणून नोंद झालेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावावर ६.९७ कोटी दिल्याचा मुद्दा आहे. तो रकमेनं लहान, पण पुराव्याच्या दृष्टीनं कितीतरी वजनदार, कारण तिथे नाव, नोंद आणि दिलेले पैसे तिन्ही जुळतात. बातमी करायची तर ती या मुद्द्याची.

कागद कुठून आणायचे? संसदेतल्या प्रश्नोत्तरांचं परिशिष्ट उघडा, राज्यनिहाय तक्ता तिथेच असतो. शासन निर्णय मूळ स्वरूपात वाचा, आणि त्याची शुद्धिपत्रकंही, कारण निकष मध्येच बदलतात. लेखापरीक्षा अहवालात मंत्रालयाचं उत्तर आणि त्यावरचा शेरा दोन्ही वाचायचे. एवढ्यानं भागलं नाही तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील. नावं मागू नका, वैयक्तिक माहितीबद्दलच्या कलम ८(१)(ञ) खाली नकार येतो आणि लोकांची खाजगी माहिती आपल्याकडे साठवण्याचं कारणही नाही. ‘किती घोटाळा झाला’ असंही विचारू नका, कार्यालय मत देत नाही. मागायचं ते असं: अमुक ते अमुक तारखेदरम्यान वगळलेल्या नोंदींची तालुकानिहाय व कारणनिहाय संख्या, वगळण्यापूर्वी बजावलेल्या नोटिसांची संख्या, पुन्हा समाविष्ट केलेल्यांची संख्या, वसूल रक्कम, दाखल गुन्हे. पुन्हा समाविष्ट झालेल्यांचा आकडा विसरू नका. फसवणुकीचे दावे बहुतांशी तिथेच ढासळतात.

यादी सार्वजनिक असेल तर गावात जाऊन नमुना तपासता येतो. अनुक्रमांकांतून यादृच्छिक पद्धतीनं निवड करा. रस्त्याजवळची सोयीची घरं निवडली की नमुना बिघडतो. १०० नोंदी तपासल्या तर टक्केवारीत साधारण दहा अंकांची चूक दोन्ही बाजूंना धरावी लागते, ४०० तपासल्या तर पाच. त्या नोंदी मोजक्याच गावांतल्या असतील तर याहून जास्त. प्रत्येक नोंदीसमोर पाच शक्यता ठेवा: भेटले व पात्र, भेटले व अपात्र, स्थलांतरित, मृत, आणि शोध लागला नाही. शेवटच्या रकान्याला ‘बोगस’ म्हणायची घाई करू नका. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब दिवाळीनंतर घरी सापडणार नाही. लग्नानंतर आडनाव बदललेली बाई जुन्या नावानं कोणी ओळखणार नाही. अंगणवाडी सेविका आणि पोलीस पाटील या दोघांकडे स्वतंत्रपणे विचारूनच तो रकाना भरा.

निकाल लिहिताना ‘खरं’ किंवा ‘खोटं’ एवढ्यावर थांबता येत नाही. या विषयात सर्वाधिक येणारा निकाल म्हणजे ‘आकडा अधिकृत, अर्थ चुकीचा’. म्हणून मथळ्यात दावा पुन्हा छापण्याऐवजी तपासणीत सापडलेली फोड छापा: पाच लाखांपैकी २ लाख ३० हजार निराधार योजनेतल्या. दावा करणाऱ्याला आधार विचारा, उत्तरासाठी मुदत द्या, उत्तर आलं तर ते पूर्ण छापा. आणि तपासणीवर तारीख घाला. स्थगित नावांपैकी किती पुन्हा सुरू झाली हे बहुधा काही महिन्यांनी कळतं. तेव्हा निकाल बदलावा लागला तर तो त्याच ठिकाणी, नव्या तारखेसह बदलायचा, जुनं वाक्य न पुसता.