कोड वर जातो, डेटा खाली येतो

[दृश्य: एकाच पडद्यावर शेजारी शेजारी दोन टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याच्या खिडक्या), एक काळे, दुसरे गडद लाल]

या दोन खिडक्यांत एकाच संकेतस्थळाच्या दोन प्रती आहेत. डावीकडची प्रत समोरच्या संगणकावर आहे आणि उजवीकडची दूरच्या सर्व्हरवर. फोल्डरांची नावे सारखी आहेत, टेबलांची यादी सारखी आहे, आज्ञाही त्याच चालतात. फरक इतकाच की डावीकडे काही बिघडले तर ते पुन्हा उभारता येते, आणि उजवीकडे मात्र या क्षणी कोणी नोंदणी करीत असते, कोणी प्रतिक्रिया लिहीत असते, कोणी पैसे भरीत असते. सर्व्हर सांभाळणारी बरीच माणसे उजव्या खिडकीची पार्श्वभूमी मुद्दाम लाल करून ठेवतात. ती हौस नव्हे; आज्ञा चुकीच्या खिडकीत टाइप होऊ नये म्हणून केलेली ती तजवीज आहे.

[दृश्य: फाइलींची नावे वेगाने सरकत आहेत]

संकेतस्थळाचे स्थलांतर म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी हलवणे. पहिली गोष्ट म्हणजे फाइली: कोड, चित्रे, मांडणी. त्यांच्यासाठी १९९६ सालापासून वापरात असलेले आरसिंक हे साधन आजही पुरेसे आहे, कारण ते दोन्ही बाजूंच्या फाइली ताडून पाहते आणि जेवढे बदलले असेल तेवढेच पाठवते. काम मध्येच तुटले तर पुन्हा तीच आज्ञा द्यावी, राहिलेले पुढे सुरू होते. फाइलींबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे नाही.

[दृश्य: डंप फाइल उघडते, कर्सर वरच्या ओळींवर थांबतो]

दुसरी गोष्ट डेटाबेस, म्हणजे नोंदणी, प्रतिक्रिया अशा नोंदींचा टेबलांत ठेवलेला साठा, आणि खरी काळजी इथे घ्यावी लागते. मायएसक्यूएल हा डेटाबेस सांभाळणारा प्रोग्रॅम चालू असताना त्याच्या मूळ फाइली उचलून नेता येत नाहीत, कारण त्यांत सतत लिहिणे चाललेले असते. म्हणून डेटाबेसचा डंप काढतात. डंप म्हणजे आज्ञांची एक लांबलचक मजकुरी फाइल: हे टेबल तयार कर, त्यात या रांगा भर. मात्र प्रत्येक टेबल तयार करण्याच्या आज्ञेच्या आधी एक ओळ असते, ती आता पडद्यावर दिसत आहे: ‘ड्रॉप टेबल इफ एग्झिस्ट्स’. त्या नावाचे टेबल आधीच असेल तर ते पुसून टाक, असा तिचा अर्थ. डंप काढणारी मायएसक्यूएल-डंप ही आज्ञा ही ओळ आपण न सांगताच घालतो. म्हणजे डंप चढवणे याचा अर्थ जुन्या माहितीत नव्या माहितीची भर घालणे असा होत नाही. जुनी माहिती जाते आणि तिच्या जागी डंपमधली येते.

ही ओळ नीट समजली की स्थलांतराचा मुख्य नियम वेगळा शिकवावा लागत नाही. चालू संकेतस्थळावर कोड स्थानिक प्रतीकडून वर जावा आणि डेटा सर्व्हरकडून खाली यावा. पहिल्यांदा संकेतस्थळ उभारताना डेटाबेसही वर जातो, त्याला इलाज नाही. पण एकदा लोक येऊ लागले की दोन आठवड्यांपूर्वी उतरवलेली प्रत सुधारून पुन्हा वर चढवणे म्हणजे त्या दोन आठवड्यांतल्या नोंदी आपल्याच हाताने पुसणे होय. मांडणीत किंवा सेटिंगमध्ये बदल हवे असतील तर ते कोडमधून अथवा लहान मायग्रेशन फाइलींतून, म्हणजे फक्त तेवढाच बदल करणाऱ्या आज्ञांच्या फाइलींतून, न्यावेत.

[दृश्य: डंपची आज्ञा टाइप होते, मग फाइलीची शेवटची ओळ]

डंप घेताना ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय द्यावा. इनोडीबी प्रकारच्या टेबलांसाठी तो एका क्षणाचे सुसंगत चित्र घेतो आणि त्यासाठी संकेतस्थळ थांबवावे लागत नाही. जुन्या मायआयसॅम टेबलांना या पर्यायाचा उपयोग नाही. तिथे थोडा वेळ लिहिणे बंद ठेवणेच भाग आहे. डंप झाल्यावर फाइलीची शेवटची ओळ उघडून पाहावी. नेहमीच्या डंपमध्ये तिथे ‘डंप कम्प्लीटेड’ असा शेरा आणि वेळ असते. तो शेरा नसेल तर फाइल अर्धवट आहे असे समजावे, मग तिचा आकार कितीही मोठा दिसो. आणि बॅकअप आहे असे म्हणण्याआधी तो एकदा रिकाम्या डेटाबेसमध्ये चढवून पाहावा.

[दृश्य: तेच पान दोनदा, एकावर मराठी मजकूर, दुसऱ्यावर विचित्र रोमन चिन्हे]

देवनागरी मजकुराच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे. ‘मराठी’ या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात. सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या हिशेबी ती पाच चिन्हे आहेत आणि ती साठवण्याच्या युटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला ३ याप्रमाणे १५ बाइट लागतात. जोडणीच्या वेळी सर्व्हरने हे बाइट लॅटिन-१ या रोमन लिपीच्या जुन्या पद्धतीतले समजून वाचले की एकेका चिन्हाची तीन-तीन चिन्हे होतात, आणि पानावर मात्रा असलेला रोमन ए व चलनाची खूण ही जोडी पुन्हा पुन्हा उमटत राहते. असा मजकूर बहुधा परत मिळवता येतो. त्याऐवजी नुसती प्रश्नचिन्हे दिसली तर मूळ बाइट गेलेले असतात. मायएसक्यूएलमध्ये ‘युटीएफ८’ या नावाने चालत आलेला चिन्हसंच एका चिन्हासाठी तीनच बाइट देतो, त्यामुळे त्यात देवनागरी मावते पण इमोजी मावत नाही. चार बाइटांचा ‘युटीएफ८एमबी४’ हा संच २०१० मध्ये ५.५.३ या आवृत्तीत आला. डंप काढताना आणि चढवताना, दोन्ही वेळी तोच स्पष्ट सांगावा.

[दृश्य: डेटाबेसमधली एकच ओळ, मोठी करून]

ही ओळ संकेतस्थळे चालवणाऱ्या वर्डप्रेस या प्रणालीच्या सेटिंगमधली आहे. आधी एस हे अक्षर, मग १६ हा आकडा, मग अवतरणचिन्हांत संकेतस्थळाचा स्थानिक पत्ता. १६ ही त्या पत्त्याची बाइटांतली लांबी. आता कोणी डंप फाइल साध्या संपादकात उघडून ‘शोधा आणि बदला’ केले, तर पत्ता बदलून २३ बाइटांचा होतो आणि आकडा मात्र १६ च राहतो. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेले आहे त्या पीएचपीला दोन्हींचा मेळ बसत नाही आणि ती संपूर्ण नोंद वाचायचे नाकारते. पान उघडते, पण बाजूच्या पट्टीतले विजेट आणि थीमची सेटिंग नाहीशी झालेली असतात, आणि माणूस दोष शोधायला भलतीकडे जातो. टर्मिनलमधून वर्डप्रेस हाताळणाऱ्या डब्ल्यूपी-सीएलआय या साधनाची ‘सर्च-रिप्लेस’ आज्ञा अशी नोंद उलगडते, पत्ता बदलते आणि लांबी नव्याने मोजते. आधी ‘ड्राय रन’ हा प्रत्यक्ष बदल न करणारा पर्याय देऊन किती ठिकाणी बदल होणार ते पाहावे, आणि जीयूआयडी हा प्रत्येक लेखाची कायमची ओळख ठेवणारा रकाना वगळावा.

[दृश्य: सेटिंगची फाइल, पासवर्ड झाकलेला]

डेटाबेसचे नाव व पासवर्ड असलेली फाइल कधीही दुसऱ्या बाजूला नेऊ नये. दोन्हीकडे ती वेगळीच असावी. स्थानिक प्रतीवर ईमेल पाठवणे बंद ठेवावे, नाहीतर चाचणीची पत्रे खऱ्या ग्राहकांना जातात. विंडोजवर चालणारे फाइलचे नाव लिनक्सवर लहान-मोठ्या रोमन अक्षरांच्या फरकाने सापडत नाही, तेही तपासावे.

[दृश्य: होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ, मग जुन्या आणि नव्या सर्व्हरचे लॉग एकत्र]

सर्व्हरच बदलायचा असेल तर डोमेनच्या नोंदीचा टीटीएल, म्हणजे इतर संगणकांनी ती नोंद किती वेळ लक्षात ठेवावी तो अवधी, आधीच, म्हणजे जुना टीटीएल संपायला पुरेसा अवधी ठेवून, ३०० सेकंदांवर आणावा. नवा सर्व्हर सर्वांसाठी खुला करण्यापूर्वी स्वतःच्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये (पत्ता कोणत्या सर्व्हरवर न्यायचा ते त्या संगणकापुरते ठरवणारी फाइल) त्याचा आयपी, म्हणजे आकडी पत्ता, लिहून खऱ्या पत्त्यानेच तपासावा. शेवटचा डंप घेण्याआधी जुने संकेतस्थळ देखभालीच्या स्थितीत न्यावे आणि डोमेनची नोंद त्यानंतर बदलावी. अन्यथा मधल्या वेळात काही लोक जुन्या डेटाबेसमध्ये लिहितात, काही नव्या, आणि त्या नोंदी एकत्र करणे अतिशय किचकट होते.

जुना सर्व्हर लगेच बंद करू नये. त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे भेटींच्या नोंदवहीत, खऱ्या भेटी येणे थांबेपर्यंत तो देखभालीच्या सूचनेसह चालू ठेवावा. सर्वांना दिसणाऱ्या फोल्डरमध्ये डंप फाइल राहिली असेल तर ती त्याच दिवशी काढून टाकावी, कारण नाव ओळखता आले तर ती कोणालाही उतरवून घेता येते.